अग्निफूल म्हणजे पळवाट नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीतील व्हिडिओ गेमविषयक लेखात 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील अग्निफुलाला, म्हणजे नायक मारिओला आगीचे गोळे फेकण्याची ताकद देणाऱ्या फुलाला, 'सोपी पळवाट' म्हटले आहे, ते पटले नाही. निन्टेन्डोच्या १९८५ सालच्या या खेळात छोट्या मारिओला ज्या ठोकळ्यातून मोठे करणारी अळंबी मिळते, त्यातूनच मोठ्या मारिओला फूल मिळते. म्हणजे आधी मोठे व्हावे, मगच आग हाती येते. पडद्यावर एका वेळी आगीचे दोनच गोळे राहू शकतात, काळ्या टणक पाठीच्या बझी बीटल या शत्रूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, आणि शत्रूचा एक स्पर्श होताच मारिओ थेट छोटा होतो. मे महिन्यात कूलरसमोर फरशीवर बसून, सीताबर्डीहून आणलेली खेळाची कॅसेट फुंकून लावणाऱ्या आम्हा भावंडांना फूल मिळाल्यावर उलट अधिक जपून खेळावे लागे. (थोरला भाऊ तर अशा वेळी रिमोटला हातही लावू देत नसे!) शिवाय पहिल्या सात जगांतील खलनायक बाउझर तोतये असतात, हे त्यांना आगीच्या पाच गोळ्यांनी मारल्यावरच कळते, पहिला तर चक्क गूंबा हा साधा किरकोळ शत्रू निघतो. बाउझरला चुकवून पुलाच्या टोकाच्या कुऱ्हाडीकडे धावत जाऊन त्याच्या पायाखालचा पूल पाडणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर