शर्यतीची सायकल शर्यतीत चालवल्याबद्दल वॉरंटी नाकारल्याची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

विषय : हँडलचे वरचे बेअरिंग आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची कार्बनची नळी निकामी होऊनही वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे पाचवे संभाषण झाले आणि यापुढे या विषयावर फोनवर एक शब्दही बोलायचा नाही, असे ठरवून मी हे पत्र लिहीत आहे. सायकल तुम्हीच बनवली असल्याने तिची ओळख करून देत नाही. गेल्या डिसेंबरमध्ये 4 लाख 62 हजार रुपये मोजून मी ती घेतली, एवढे सांगणे पुरे.

तुमच्या या मॉडेलमध्ये हँडल आणि त्याला चिमट्याशी जोडणारा स्टेम एकसंध आहेत आणि दोन्ही हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या त्यांच्या पोटातून, वरच्या बेअरिंगमधून, चिमट्याच्या उभ्या नळीला चिकटून फ्रेममध्ये उतरतात. बाहेर एकही वायर दिसत नाही, हे देखणे आहे हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्लास्टिकच्या झाकणातून या नळ्या आत जातात, त्याला रबरी सील नाही. परिणामी पावसाचे पाणी आणि सायकलस्वाराचा घाम थेट बेअरिंगवर पडतो. जुलैअखेर माझे हँडल सरळ रेषेत येताच खाचेत बसल्यासारखे अडकू लागले. मेकॅनिकने उघडले तेव्हा छर्रे गंजून एकमेकांना धरून बसले होते आणि बेअरिंग नळीवर घट्ट धरणाऱ्या, पण सैल झालेल्या कॉम्प्रेशन रिंगने चिमट्याच्या कार्बनच्या नळीवर चर पाडली होती. मी तीस वर्षे भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम केले आहे, त्यामुळे ती चर मी अंदाजाने नव्हे, तर व्हर्नियरने मोजली, ती 0.4 मिलिमीटर खोल आहे. पोलादी नळी तुटण्याआधी बहुधा वाकते आणि माणसाला सावध करते, कार्बनची नळी ते सौजन्य दाखवत नाही, हे तुमच्या डिझाइन विभागाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. बोपदेव घाट उतरताना वेग सहज ताशी 50 किलोमीटरच्या वर जातो. त्या वेळी हँडल हातात राहावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता आजच्या संभाषणाविषयी. तुमच्या प्रतिनिधी बाईंनी आधी विचारले, "सर, सायकल पावसात चालवली होती का?" मी म्हणालो, जुलै महिना होता आणि गाव पुणे होते. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हो असं लिहू का?" लिहा म्हणालो. नंतर त्यांनी विचारले, "सर, कुठल्या शर्यतीत भाग घेतला होता का?" मी भाबडेपणाने, आणि खरे सांगायचे तर थोड्या अभिमानानेच, सांगितले की होय, जुलैतच आमच्या भागातल्या एका घाटाच्या शर्यतीत पन्नाशीवरील गटात माझा तिसरा क्रमांक आला. त्या म्हणाल्या, "अभिनंदन सर! मग आपल्याला वॉरंटी लागू होत नाही. स्पर्धेतील वापर अटींमध्ये वगळलेला आहे." मी विचारले, "बाई, मग ही सायकल आहे तरी कशासाठी?" बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग उत्तर आले, "सर, परफॉर्मन्ससाठी." त्यानंतर त्यांनी मला वरिष्ठांसाठी थांबवून ठेवले. त्या अकरा मिनिटांत तुमचीच जाहिरात माझ्या कानावर सतत आदळत होती, आणि त्या जाहिरातीत शर्यत हा शब्द दर वेळी दोनदा येतो. मी मोजला, मला दुसरे काही काम नव्हते. वरिष्ठ आलेच नाहीत.

तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वायुबोगद्यातील चाचणीचा आलेख आहे आणि ताशी 45 किलोमीटर वेगाला 14 वॅट वाचतात, असा दावा आहे. हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मी सरासरी 30 ने जातो, म्हणजे माझ्या वाट्याला त्यातले चार वॅट येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते गणित मी खरेदीपूर्वीच केले होते. तक्रार ही आहे की वारा कुठून जाईल याचा एवढा अभ्यास करणाऱ्या कंपनीने पाणी कुठून जाईल याचा विचारच केला नाही. वजन वाचवायला सील वगळले, असे म्हणावे तर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची 6.8 किलोची किमान मर्यादा 2000 सालापासून आहे आणि तुमची सायकल 7.4 किलोची आहे. चार ग्रॅमच्या रबराने कोणते विजेतेपद हुकणार होते?

नव्या तंत्राला माझा विरोध आहे, असा सोयीस्कर समज कृपया करून घेऊ नये. 1989 मध्ये अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स ही शर्यत अवघ्या 8 सेकंदांनी जिंकली, त्यात वारा कमी लागावा म्हणून हँडलला जोडलेल्या लांब दांड्यांचा वाटा होता. पण त्या दांड्या पान्ह्याने काढता येत होत्या. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने 2022 मध्ये एका तासात 56.792 किलोमीटर अंतर कापले ते त्रिमितीय छपाईने घडवलेल्या धातूच्या फ्रेमवर. पण ती बंदिस्त ट्रॅकवर धावत होती आणि तिच्या दिमतीला मेकॅनिक होते. व्यावसायिक संघातल्या स्वाराचे बेअरिंग कुरकुरले तर मागच्या मोटारीच्या टपावरून दुसरी सायकल खाली येते. माझ्या मागे असते ती पीएमपीएमएलची बस, आणि तीही हॉर्न वाजवत.

शिवाय हे बेअरिंग 600 रुपयांचे आहे. माझ्या जुन्या पोलादी सायकलचे असेच काम दोन पान्हे आणि ग्रीसची डबी घेऊन मी स्वतः अर्ध्या तासात करतो. तुमच्या सायकलमध्ये त्यासाठी ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या, कापाव्या, पुन्हा जोडाव्या आणि तेल भरून हवा काढावी लागते. तुमच्याच अधिकृत सेवा केंद्राने याचे 7,800 रुपये सांगितले आणि चिमट्याची किंमत वेगळी. पुन्हा लिहितो, बेअरिंग 600 रुपयांचे आहे.

2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू ॲलेक्स पोर्टर याचे हँडल सांघिक शर्यतीत तुटले आणि तो तोंडावर आपटला. त्यांच्या संघटनेने चौकशी करून अहवाल जाहीर केला. खुद्द ऑलिंपिकमधला स्वार शर्यतीत का उतरला, असे त्याला कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तुम्ही माझा चिमटा तपासायलाही मागवला नाही. एक छायाचित्र मागितले आणि ते अस्पष्ट ठरवले.

माझी मागणी अशी आहे की चिमटा व दोन्ही बेअरिंगे मजुरीसह विनामूल्य बदलून द्यावीत, सील असलेले झाकण बसवावे आणि या मॉडेलच्या इतर ग्राहकांना ती नळी तपासून घेण्याची लेखी सूचना द्यावी. शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, म्हणून ती वगळून तडजोड होणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मालातील दोष आणि उत्पादन दायित्व या दोन्ही मुद्द्यांवर तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. सायकलची किंमत एवढी बेताची ठेवल्याबद्दल आभार.

तुमचा ग्राहक,
कोथरूड, पुणे

ता. क. : आज फोनवर असलेल्या बाईंवर कृपया कारवाई करू नये. समोरच्या पडद्यावर जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले, आणि अभिनंदन मात्र मनापासून केले असावे. ती अट ज्यांनी लिहिली, त्यांनी मला उत्तर द्यावे.