वऱ्हाडी शब्दसंग्रहासाठी माणसं, कार्डं आणि एक कपाट हवं आहे

पूर्णेच्या खोऱ्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या सर्व गावकऱ्यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयानं या भागातल्या बोलीचा शब्दकोश करायला घेतला आहे. ‘धुरा’ म्हटलं की बाकी महाराष्ट्राला जबाबदारी आठवते. आपल्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि ‘त्यानं धुरा कोरला’ म्हणजे मोजणी आणण्यापर्यंत जाणारं भांडण. हा अर्थ नोंदला गेला नाही, तर उद्या जुना कागद वाचणारा चुकेल.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत आला. त्यात वऱ्हाडी शब्दांपुढे ‘व.’ अशी खूण आहे, तिचा आम्हाला मोठा आधार आहे. पण त्यानंतर वावरात सोयाबीन आलं, 2002 नंतर बीटी कापूस आला, खळ्यावरच्या बैलांच्या जागी हडंबा म्हणजे मळणीयंत्र आलं. कुटार हा शब्द टिकला, पण आता तो बहुतेक सोयाबीनच्या भुसाला लागतो. नाणी 1957 ला दशमान झाली, पिकाच्या अंदाजाला सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ आली, तरी पारावर अजून ‘आणेवारी’च निघते. यातलं बरोबर कोणतं हे कोशानं ठरवायचं नाही. कोण, केव्हा, कोणत्या अर्थानं बोलतं, ते लिहून ठेवायचं.

म्हणून एका शब्दाला एक कार्ड, 6 बाय 4 इंचांचं. त्यावर शब्द, अर्थ, बोलणाऱ्याच्या तोंडचं पूर्ण वाक्य, त्याचं वय, गाव, काम आणि तारीख. ‘पंप’ हा शब्द घ्या. विहिरीवर असते ती मोटर. पंप म्हणजे पाठीवरचा फवारणीचा, आणि त्यावरून झालेलं माप. “एकरी दहा पंप गेले, तरी अळी हटली नाई.” कार्डावर नुसतं ‘पंप : फवारणी यंत्र’ लिहिलं तर हे माप हरवलं. शिवाय पंप किती लिटरचा, तेही विचारा. कोणाचा 15 चा असतो, कोणाचा 20 चा. पायलीचंही तसंच. गावागावात ती वेगळी भरते, म्हणून धान्य कोणतं आणि किलो किती, हे दोन्ही लिहा.

सगळ्यात जास्त घोळ लिहिणारा शब्द ‘शुद्ध’ करतो तेव्हा होतो. माणूस ‘डोया’, ‘येचनी’ म्हणतो आणि कार्डावर ‘डोळा’, ‘वेचणी’ उतरते. कृपा करून कानावर पडलं तसंच लिहा, प्रमाण रूपाशी जोडणी आम्ही करू. दुसरी चूक प्रश्नातच असते. “बांधाला तुम्ही काय म्हणता?” असं विचारलं की समोरचा पाहुण्याचा मान राखून “बांधच” म्हणतो. वावरात जा, बोट दाखवा, त्याला बोलू द्या. तिफन, चाडं, डवरा या अवजारांचे शब्द मृगाच्या सुमारास वावरातच चांगले मिळतात, कापसाचे वेचणीत, हरभऱ्याचे घाटे भरताना. एकच शब्द सत्तरीतल्या, चाळिशीतल्या आणि विशीतल्या माणसाकडून घ्या; बदल तिथंच दिसतो.

कोणाला हिणवणारे शब्द आले तर गाळू नका. जुन्या कागदात ते भेटतात, त्यामुळे कोशात त्यांची नोंद राहील, पण शेजारी ‘अवमानकारक’ अशी खूण असेल.

आवाज टिपायचा असेल तर आधी परवानगी घ्या. फोन विमान मोडवर ठेवा, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज दाबला जाऊन अक्षरं पुसट होतात, तेव्हा मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणून द्या. बोलणाऱ्याचं नाव छापलं जाणार नाही.

आता मागणी. प्रत्येक गावातून दोन माणसं हवीत, त्यातली एक बाई असावी. निंदण, वेचणी, सारवण, बाळंतपण यांचे शब्द पुरुषांजवळ अर्धेच मिळतात. 10,000 कोरी जाड कार्डं लागतील. पातळ कागद पावसाळ्यात लोळतो. खणांचं एक लोखंडी कपाट हवं, कारण लाकडी कपाटाला इथं वाळवी सोडत नाही. आवाजासाठी 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क लागतील. एक वाचनालयात राहील, दुसरी वेगळ्या गावात. वस्तू देता आली तर वस्तूच द्या, रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

घरात सालदारकीचे करार, बाजाराच्या पट्ट्या, लग्नाच्या याद्या, जुनी पत्रं असतील तर घेऊन या. तुमच्यासमोर फोटो काढून कागद त्याच दिवशी परत देऊ. कोरी कार्डं वाचनालयात रोज संध्याकाळी 6 ते 8 मिळतील. पहिल्या फेरीची भरलेली कार्डं पोळ्याच्या आत जमा करावीत.

आपली,
वाचनालयाची शब्दसंग्रह समिती