घाटातले ब्रेक

महोदय,

परतवाडा-चिखलदरा घाटात मी १६ वर्षांपासून प्रवासी जीप चालवतो. परवा चाक खोललं तर ब्रेक पॅडचा थर संपून त्यामागची लोखंडी पाटी चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासत होती. डिस्कवर नख अडकेल अशा चऱ्या. २२ हजार किलोमीटरच झाले होते! सपाटीवर हेच पॅड ४०-५० हजार चालतात. आमची पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रलवर, म्हणजे गिअर काढून, घाट उतरतात, सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापून धरेनासे होतात. मागे माणसं बसलेली असतात हो! कृपा करून दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला की बदला, किर्र आवाजाची वाट पाहू नका. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, तेही दर २ वर्षांनी बदला.

– एक जीपचालक, परतवाडा, जि. अमरावती