तुझ्या कथेतली आई

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचा खर्डा दोनदा वाचला. त्यातली आई सुरुवातीला करडी आहे आणि शेवटी एकाएकी विरघळते. मला वाईट वाटू नये म्हणून तू तिला विरघळवलंस, असं मला वाटतं. तसं करू नकोस. तिचा करडेपणा राहू दे, फक्त तो कुठून आला ते शोध.

जमैका किंकेडची ‘गर्ल’ ही 1978 सालची कथा मिळवून वाच. दोन-तीन पानांची आहे. अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरची आई मुलीला सूचना देत सुटते: कपडे असे धू, अशी चाल, असं हस. मुलगी मध्ये फक्त दोनदा बोलते. मायेचा एक शब्द नाही, तरी पोरीच्या अब्रूची त्या बाईला वाटणारी धास्ती ओळीओळीत ऐकू येते. लेखिका समजावत बसत नाही.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ या कादंबरीतली, अमेरिकेतल्या गुलामीतून पळालेली सेथ तर गुलामीत परत जाऊ नये म्हणून स्वतःच्या तान्ह्या लेकीचा जीव घेते. त्यामागे मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम बाईची 1856 मधली खरी घटना आहे. सेथ बरोबर की चूक, हे ती कादंबरी ठरवून देत नाही. धाकटी लेक डेन्व्हर त्याच घरात वाढते, आईवर जीव लावते आणि आईला घाबरतेही. ही दोन्ही एका मुलीच्या मनात एकत्र नांदतात. तुझ्या नायिकेला तू त्यातलं एकच दिलंयस.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुती’ (1964) ही बंगाली कादंबरी. त्या स्वतः शाळेत गेल्या नाहीत, आणि याच कादंबरीला पुढे ज्ञानपीठ मिळालं. तिची नायिका सत्यवती लेकीला, सुवर्णलतेला, शिकवायचं म्हणून हट्टाने झगडते. सासू मात्र तिच्या पाठीमागे कोवळ्या सुवर्णाचं लग्न लावून टाकते. सत्यवती घर सोडून निघते ती निघतेच. जिच्यासाठी एवढं भांडली, तीच लेक मागे राहते! पुढच्या ‘सुवर्णलता’त त्या लेकीचं आयुष्य येतं. घर सोडून गेलेल्या बाईची मुलगी, असे टोमणे ऐकत ती जगते. तीही लिहिते, पण ते छापून येतं तेव्हा घरात त्याचं हसं होतं आणि ती सगळं जाळून टाकते. सुवर्णलतेची लेक बकुळ मात्र लेखिका होते. पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच सांगितलंय की सत्यवतीची गोष्ट बकुळच्या वहीतली आहे. म्हणजे आजीचं आयुष्य नातीने मांडलं. आईचा धाक लेकीपर्यंत आपोआप पोचतो, त्यामागची हकिगत मात्र कुणी बसून लिहिली तरच पोचते.

एमी टॅनच्या ‘द जॉय लक क्लब’मधली आई चीनमध्ये युद्धाच्या पळापळीत जुळ्या मुलींना रस्त्यावर ठेवून आलेली असते. अमेरिकेत वाढलेल्या लेकीला पूर्ण हकिगत कळते, तेव्हा आई या जगात नसते. ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

तुझ्या कथेत आईची आई कुठेच नाही. ती आण. माझी आई चिडायची कशावर, कशाला घाबरायची, तिला काय शिकायचं होतं आणि ते कुणी थांबवलं, यातलं मला ठाऊक आहे तेवढं सगळं सांगेन. रविवारी फोन कर, आणि वही घेऊन बस.

तुझी,
आई