अन्ननलिकेतील दाब : नुसता आकडा पुरेसा नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घास छातीत अडकतो म्हणून आलेल्या रुग्णाची एंडोस्कोपी निर्दोष निघाली, की अन्ननलिकेत नळी घालून तिथला दाब मोजण्याची म्हणजे मॅनोमेट्रीची चाचणी सुचवली जाते. तिच्या अहवालातील आकडा कसा मोजला, हे मात्र पुष्कळदा लिहिलेले नसते.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू गिळताना कितपत सैल होतो, हे ठरवणाऱ्या दाबाची कमाल मर्यादा शिकागो वर्गीकरणाच्या (अन्ननलिकेच्या हालचालींच्या दोषांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) २०२१च्या आवृत्तीत सर्व यंत्रांसाठी एकच नाही. उताण्या स्थितीत एका कंपनीच्या नळीसाठी ती १५ मिमी पारा आहे, तर दुसरीसाठी २२. म्हणजे १८ हा आकडा एका यंत्रावर दोष ठरतो आणि दुसऱ्यावर नाही.

त्यात तापमानाची भर पडते. नळीवरील दाब टिपणाऱ्या संवेदकांचे शून्य खोलीच्या तापमानाला लावतात, पण संवेदक काम करतात शरीराच्या उष्णतेत, त्यामुळे वाचन हळूहळू सरकते. नळी बाहेर काढल्यावर ती गार होण्याआधीच हवेत धरून उरलेले वाचन नोंदवायचे आणि ते वजा करायचे, हा काही क्षणांचा उपाय घाईत राहून जातो. हा आकडा जठरातील दाब वजा करूनच काढतात, त्यामुळे चूक आपोआप कटते, असा युक्तिवाद ऐकू येतो. सर्व संवेदकांची चूक सारखी असेल तर तो बरोबरही आहे, पण प्रत्येक संवेदक सारखाच सरकत नाही. पाण्याच्या नळ्यांच्या स्वस्त यंत्रात संवेदक शरीराबाहेर असल्याने हा प्रश्न नसला, तरी तेथे संवेदक आणि नळीचे छिद्र यांच्यातील १० सेंटिमीटर उंचीच्या फरकाने सुमारे ७ मिमी पारा इतका फरक पडतो, आणि रुग्णाला बसवून मोजताना नळीची छिद्रे वेगवेगळ्या उंचीवर असल्याने ती दुरुस्ती प्रत्येक छिद्रासाठी स्वतंत्र करावी लागते. अफूवर्गीय वेदनाशामकांनीही हा दाब वाढलेला दिसू शकतो. ती चालू आहेत का, हे विचारायला तर यंत्रही लागत नाही.

हा काथ्याकूट नव्हे. अकॅलेशियाचे, म्हणजे हा स्नायू गिळताना सैल न होण्याच्या विकाराचे, निदान झाल्यास स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते, आणि छेदलेला स्नायू पूर्ववत होत नाही.

म्हणून यंत्राचा प्रकार, त्याची मर्यादा, रुग्णाची स्थिती, तापमानाची दुरुस्ती आणि चालू औषधे यांची नोंद प्रत्येक अहवालात असावी, आणि आकडा सीमेवर असेल तेव्हा बसवून पुन्हा मोजणी व बेरियमची कालबद्ध क्ष-किरण तपासणी (बेरियम पाजून ठरावीक वेळांनी काढलेली छायाचित्रे) झाल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, अशी संबंधित रुग्णालयांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे