भोंगा वाजला तर पळायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या शेजारचा मुलगा गेल्या महिन्यात एका गॅस प्रकल्पावर ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. बांधकाम संपत आलं आहे, थोड्या दिवसांत लाइनमध्ये गॅस सोडतील. पहिल्या दिवसाची ड्युटी करून तो आला तेव्हा विचारलं, इंडक्शन (कामाला लावण्याआधी देतात ती सुरक्षेची माहिती) झालं का रे? म्हणाला, "झालं ना काका. पिक्चर दाखवला, सही घेतली, पास दिला. काय कललं नाय." मग भोंगा वाजला तर कुठे जाशील? "सगली पलतील तिकरं पलायचं."

मी उरण परिसरात 31 वर्षं शिफ्ट ड्युटी केली, शेवटची काही वर्षं शिफ्ट इन्चार्ज म्हणून. त्या पोराला हसावं की त्याची काळजी करावी ते कळेना, कारण या 'पिक्चर'च्या पापात माझाही वाटा आहे.

निवृत्तीनंतर एका कंपनीने मला असाच व्हिडिओ मराठीत बोलायला बोलावलं. मूळ व्हिडिओ परदेशी प्लांटवरचा. पडद्यावर बर्फ, कामगारांच्या अंगावर जाडजूड कोट. माझ्या हातात दिलेल्या कागदावर 'एकत्रीकरण बिंदू', 'प्रज्वलन स्रोत', 'वैयक्तिक संरक्षक उपकरणे'. मी विचारलं, हे कोणासाठी? धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायच्या जागेला साइटवरचा माणूस असेंब्ली पॉइंट म्हणतो, ठिणगी म्हणतो, हेल्मेट-बूट-बेल्ट म्हणतो. समोरचा तरुण अधिकारी शांतपणे म्हणाला, "सर, ऑडिटला मराठी व्हर्जन लागतं." मी वाचलं. मानधनही घेतलं.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. त्या व्हिडिओत सलग एकाच सुरात वाजणारा इशारा म्हणजे विषारी वायू. आपल्याकडच्या तेल-गॅस प्लांटवर वर-खाली होणारा भोंगा आगीचा, आणि दोन मिनिटं एकसुरी वाजला की धोका टळला. म्हणजे आमच्या गेटवर जो भोंगा ऐकून माणसं सुटकेचा श्वास टाकतात, तो ऐकून पळा असं मी सांगत होतो. आणि आगीच्या भोंग्याबद्दल अवाक्षर नाही. हा तुकडा कापा, असं मी बजावलं. कापला की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

बांधकामाची साइट आणि गॅस आलेला प्लांट दिसायला सारखेच असतात, खरी मेख तिथेच आहे. काल ज्या पाइपावर बसून डबा खाल्ला, त्याचा रंग आजही तोच. ग्राइंडर तोच, मचाण तेच. काल जिवाची भीती उंचीची, क्रेनची, खड्ड्याची होती. आज एका ठिणगीची आहे, आणि ती ठिणगी खिशातल्या मोबाइलचीही असू शकते. शेजारशेजारच्या दोन लाइनींपैकी एकीत गॅस, दुसरी रिकामी, असा तर या दिवसांत सर्रास प्रकार. सहा महिन्यांपूर्वी बांधकामाच्या वेळी बघितलेला व्हिडिओ इथे काय कामाचा? माझं स्पष्ट मत आहे की गॅस सोडण्याआधी सगळ्यांचे पास रद्द करावेत आणि नवं इंडक्शन झाल्यावरच परत द्यावेत. मुकादमापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे.

23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या रिफायनरीत एक युनिट दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करत होते. कॉलम, म्हणजे तेल वेगळं करायचा उंच मनोरा, प्रमाणाबाहेर भरला, द्रव पदार्थ उंच नळकांड्यातून बाहेर उसळला, त्याची वाफ जमिनीवर पसरली आणि पेटली. 15 जण गेले, 180 जखमी झाले. गेलेले सगळे कंत्राटी, जवळच्या ट्रेलर-ऑफिसांत नाहीतर त्यांच्या आसपास होते. त्या युनिटशी त्यांच्या कामाचा संबंध नव्हता आणि आज शेजारचं युनिट सुरू होतंय, हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. आपल्याकडच्या पोर्टा केबिन, म्हणजे उचलून ठेवायची पत्र्याची ऑफिसं, कुठे ठेवलेल्या असतात, एकदा बघून या.

आगीची भीती निदान सगळ्यांना असते. नायट्रोजनची कोणालाच नसते. गॅस सोडण्यापूर्वी लाइनी आणि टाक्यांमधली हवा बाहेर काढायला नायट्रोजन भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात जीव घुसमटल्यासारखंही वाटत नाही. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5च्या खाली गेला की आत माणूस सोडायचा नाही हा नियम. नायट्रोजन भरलेल्या टाकीत ऑक्सिजन जवळजवळ शून्य असतो, तिथे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. माझ्या डोळ्यांदेखत एका हेल्परने आत पडलेला हातमोजा काढायला टाकीच्या मॅनहोलमध्ये, म्हणजे आत शिरायच्या भोकात, नुसतं डोकं घातलं होतं. मागच्याने पाय धरून ओढला म्हणून वाचला. तासाभराने चहा पिताना तो म्हणत होता, मला काहीच झालं नाही, नुसती झोप आली. मी आवाज दिलेल्या व्हिडिओत नायट्रोजनबद्दल एक वाक्य होतं. हेल्मेटबद्दल चार मिनिटं.

तसंच वासाचं. गॅस गळला की वास येतो, हे आपल्या घराघरात ठाऊक. पण सिलिंडरचा तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. प्लांटमधल्या लाइनीत वास मिसळण्याआधीचा गॅस असतो, तो नाकाला कळेलच असं नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास आहे खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे जातो. हे पोरांना कोण सांगणार?

प्रकल्पाच्या उद्घाटनाला ड्रोन उडवून झकास व्हिडिओ काढतात, संगीत-बिंगीत घालून. त्याच कॅमेऱ्याने आपलं गेट, वाऱ्याची दिशा दाखवणारा आपला कापडी विंड सॉक, आपला असेंब्ली पॉइंट आणि तिथे जायचा खरा रस्ता दाखवा. आपलाच भोंगा ऐकवा. आठ मिनिटं पुरेत, पण मराठी, हिंदी, ओडिया, बांगला, जो माणूस समोर असेल त्याच्या बोलीत. संपल्यावर प्रत्येकाला बाहेर नेऊन विचारा, वारा कुठून येतोय, तू कुठे जाशील? बोट दाखवता आलं तरच सही घ्या. हल्ली प्रश्नपत्रिका देतात आणि शिकवणाराच उत्तरं मोठ्याने सांगतो, ते नको.

आणि शूटिंग गॅस यायच्या आधीच करा. नंतर साधा कॅमेरा आत न्यायलाही परमिट लागतं, मग पुन्हा परदेशातला बर्फच दाखवावा लागेल.

मराठी आवाज हवा असेल तर मी येतो, मानधन नको. फक्त कागद मी लिहीन.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज,
उरण, जि. रायगड