चांदणीचं दुपटं

मालवण,
श्रावण

प्रिय शुभा,

तुझ्या लेकीच्या बाळाचं, तुकडे जोडून करायचं दुपटं दोघींनी मिळून शिवायचं हे ठरलं ते झकास. दहा चांदण्या तू, दहा मी. पण फोनवर "त्यात काय, त्रिकोणच तर जोडायचेत" म्हणालीस, तेव्हा मला धास्तीच वाटली. तू जन्मभर ब्लाउज शिवलेस. ब्लाउज शिवणारीचा हात माया सोडायला सढळ. पुढे अंग भरलं तर उसवता यावं म्हणून आपण आत चांगली इंचभर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, ठेवतो. इथे माया फक्त पाव इंच, म्हणजे दोन सूत, आणि तीही सगळीकडे सारखी.

हिशेबच बघ. एका चांदणीत तीन ओळी, एका ओळीत साडेतीन इंची तीन तुकडे, त्यांत दोन शिवणी. शिवण अर्धं सूत जरी आत गेली, तरी दोन्ही बाजूंचं कापड खाऊन ओळ साडेनऊऐवजी सव्वानऊ भरते. अशा चार चांदण्या शेजारी लावल्या की इंचभर फरक! मग तुझ्या आणि माझ्या चांदण्या जुळणार कशा? म्हणून मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टी लाव आणि कापडाची कड तिला लावून चालव. आधी चिंध्यांतले साडेतीन इंची तीन चौकोन जोडून बघ. साडेनऊ भरले, की मगच चांगल्या कापडाला कात्री लाव.

एका चांदणीला पार्श्वभूमीच्या फिक्या कापडाचे साडेतीन इंची ४ आणि चार इंची २ चौकोन लागतात. चांदणीच्या गडद कापडाचा साडेतीन इंची १ आणि चार इंची २. दहाचा हिशेब तूच कर, शाळेत गणितात तू पुढे होतीस.

चार इंची एक फिका आणि एक गडद, सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेव. फिक्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मार आणि रेघेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर शिवण घाल. मग रेघेवर काप. उघडलंस की अर्धे फिके, अर्धे गडद असे दोन चौकोन हातात येतात. ते सुतभर मोठेच निघतात. कर्णावरची शिवण कोपऱ्यांच्या मधोमध ठेवून नीट साडेतीनचे कापून घे. काही जणी चारऐवजी तीन इंच सात सुतांचे चौकोन घेऊन हे नंतरचं कापणं वाचवतात. मला ते पटत नाही. तिरकी शिवण ओढली जातेच, आणि मग दुरुस्तीला जागा उरत नाही.

तिरकं कापड ताणतं, हे उरेब पट्टी लावणाऱ्या तुला काय सांगू. मी जुन्या साडीच्या कापडाला आधी पेजेच्या निवळाची खळ देते. कडक झालं की हलत नाही. मात्र शिवून झाल्यावर खळ धुऊन टाकायची. ह्या हवेत राहिली तर बुरशी धरते आणि झुरळं येतात ती वेगळीच. गडद लाल कापड घेणार असशील तर आधी भिजवून रंग जातो का बघ.

आता मांडणी. मध्ये गडद चौकोन, कोपऱ्यांत फिके. चार दुरंगी तुकड्यांची गडद बाजू मधल्या चौकोनाला लागलेली हवी. वरच्याचं गडद टोक डावीकडे, उजवीकडच्याचं वर, खालच्याचं उजवीकडे, डावीकडच्याचं खाली. असं लावलं की चांदणी भिरभिऱ्यासारखी फिरते. उलटी फिरवू नकोस, माझ्या सगळ्या ह्याच दिशेने आहेत. वरच्या आणि खालच्या ओळीच्या शिवणी कोपऱ्यांकडे दाबून इस्त्री कर, मधल्या ओळीच्या मधल्या चौकोनाकडे. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात आणि टोकं कापली जात नाहीत. इस्त्री वरून दाबायची, फिरवायची नाही.

शेजारची काकू काल बघत होती. म्हणाली, "बऱ्या कपड्याचे तुकडे करून परत शिवतंस कशाक गो?" मी काय सांगणार!

खरं सांगू, मला त्या मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दी लोकांच्या बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, जास्त आवडतात. आपल्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात करतात त्या. तुकडा थेट पायाच्या कापडावर टाचायचा, काठापासून आत आत शिवत मध्यावर यायचं. मोजपट्टी कशाला हवी? पण तुझ्या लेकीला चांदण्याच हव्यात. ही अमेरिकेतली 'फ्रेंडशिप स्टार'. १८४० च्या दशकात तिकडे मैत्रिणी-मैत्रिणी असे जोडकामाचे चौकोन करून त्यांवर शाईने आपापली नावं लिहायच्या. आपण नावं घालायची तर दोऱ्याने, मागच्या बाजूला. बाळाच्या अंगाला शाई नको.

चारच्या पाच ओळी, म्हणजे दुपटं ३६ बाय ४५ इंच. आत विकतचा फायबर घालायचा नाही, घामाने बाळ रडेल. आईची मऊ झालेली सुती साडी माझ्याकडे आहे, तिचे दोन थर, एक आत आणि एक खाली, वर चांदण्या, नि सबंध धावदोरा.

गणपतीला येशील तेव्हा तुझ्या दहा घेऊनच ये. प्रत्येक साडेनऊ बाय साडेनऊ. जी भरणार नाही ती उसवून देईन, रुसायचं नाही. आणि येताना डोंबिवलीहून चांगला सुती पांढरा दोरा आण.

तुझी,
नंदा